छंदाला हंगाम हवा: इंग्लंडातली शिकार, नोकरी आणि घर

रानहाका (धागाकर्ता)

मी उत्तर इंग्लंडातल्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे आणि थंडीतले माझे बरेच शनिवार फेझंटच्या (कोंबडीच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी) शिकारीत जातात. इथे हे कायदेशीर आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि ती थांबायलाच हवी होती, हेही माझं ठाम मत आहे. इथल्या मराठी मंडळींत विषय निघाला की आधी सगळे गप्प होतात, मग कोणीतरी विचारतं, "आणि घरचे काही म्हणत नाहीत?" त्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सविस्तर द्यायचं आहे.

माझं म्हणणं असं: नोकरी आणि संसार सांभाळून छंद करायचा असेल तर त्या छंदाला हंगाम असावा. सुरू व्हायची तारीख आणि बंद व्हायची तारीख, आणि ती आपल्या मर्जीवर नसावी. ग्राउसचा (डोंगरमाळावरचा रानपक्षी) हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो. पार्ट्रिज (तितराच्या जातीचा पक्षी) १ सप्टेंबरपासून, फेझंट १ ऑक्टोबरपासून, दोन्ही १ फेब्रुवारीपर्यंत. इंग्लंड-वेल्समध्ये रविवारी आणि नाताळच्या दिवशी या पक्ष्यांवर बंदूक चालवायची नाही, हे १८३१च्या कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे ऐन हंगामातही रविवार घराचा, आणि वर्षातले आठ महिने फेझंटकडे मला बघताही येत नाही. शेअर बाजार, मोबाइलवरचे गट, रात्री दोनपर्यंतच्या मालिका यांना अशी तारीख असते का? माझ्या ओळखीत कितीतरी लोक घरीच बसलेले असतात आणि वर्षभर घरच्यांना सापडत नाहीत.

शिकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जमीनदार येतात. मोठ्या इस्टेटीवर एका दिवसाचे माणशी हजार पौंड सहज जातात, ते माझ्या आवाक्यातलं नाही आणि मला नकोही आहे. आमचा गट एका शेतकऱ्याच्या जमिनीवर 'वॉक वन, स्टँड वन' पद्धतीने खेळतो. हाका म्हणजे पक्षी उठवून बंदुकांकडे हाकलणं. एका हाक्याला निम्मे लोक बंदुका घेऊन खुंटांवर, म्हणजे नेमून दिलेल्या जागांवर, उभे राहतात, निम्मे हाकारे होऊन मक्याच्या पट्ट्यातून काठ्या आपटत येतात. पुढच्या हाक्याला अदलाबदल. आमच्यात एक प्लंबर आहे, एक शाळेत शिकवणाऱ्या बाई आहेत, एक निवृत्त ट्रकचालक आहे. रुग्णालयाबाहेर मला माणसं भेटली ती इथे.

खुंटावर उभं राहिल्यावर दुसरं काही डोक्यात ठेवताच येत नाही. शेजारी कुठे आहे, हाकारे कुठवर आले, पक्ष्याच्या मागे मोकळं आकाश आहे की झाडी, हे सगळं पाहून मग खांद्याला बंदूक. पक्षी खालून गेला तर सोडून द्यायचा. दोन हाक्यांच्या मध्ये दुनळी बंदूक मधोमध उघडून, नळ्या रिकाम्या दिसतील अशी धरायची. आठवडाभर मी ऑपरेशन थिएटरमध्ये दुसऱ्याच्या श्वासाकडे बघत असतो. त्या कामात क्षणभरही लक्ष हटवून चालत नाही, आणि घरी आल्यावर ते लक्ष बंद करणं मला जमत नव्हतं. शनिवारच्या चिखलाने ते जमवलं.

आणि मारलं ते खायचं. हा नियम माझ्या घरात पाळला जातो. पक्षी गॅरेजच्या गारठ्यात काही दिवस टांगून ठेवायचे, मग सोलायचे. छर्रा आत शिरताना पिसाचा तुकडा ओढून नेतो, त्यामुळे छातीच्या मांसात कुठे काळपट रेघ दिसली की तिथे सुरीचं टोक घालायचं, आधी पीस येतं आणि त्यामागे छर्रा. पायात टणक कंडरा असतात, त्या पकडीने ओढून काढाव्या लागतात. हे काम माझी मुलगी माझ्यापेक्षा चांगलं करते. हाडांचं अळणी सूप आधी मुलांना, मग सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला घालून मंद आचेवर रस्सा. फेझंटला चरबी नसते, घाई केली की चोथा होतो.

आता बोला.

कृष्णाकाठ

लिहिलंय छान, पण मूळ मुद्दा तुम्ही चुलीवर नेऊन संपवलात. हे फेझंट रानातले नाहीत. दरवर्षी ब्रिटनमध्ये तीन कोटींहून जास्त फेझंट पिंजऱ्यात वाढवून शिकारीसाठी सोडले जातात. खायला घालून माणसाळवलेला पक्षी ऑक्टोबरमध्ये माणसांनीच उठवायचा आणि माणसांनीच पाडायचा, ही पारध कशी? आणि ग्राउसच्या शिकारीसाठी राखलेल्या माळांचं काय? उपग्रहाचे टॅग लावलेल्या ५८ हेन हॅरियरचा (भोवत्या जातीचा शिकारी पक्षी) अभ्यास २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. त्यातले ७२ टक्के पक्षी बेकायदा मारले गेले किंवा मारले गेल्याची दाट शक्यता आहे, असं त्यात म्हटलंय. ग्राउस वाचवायला माळ राखणारे लोक हे भोवते मारतात आणि तुम्ही हंगामाच्या तारखा मोजताय.

छंद माणसाचा असतो, मरण पक्ष्याचं असतं. ज्यांच्या हातून रोज माणसं सुखरूप शुद्धीवर येतात त्यांना हे मी सांगायला नको.

दोन मुलांची आई

मी बर्मिंगहॅमला असते, नोकरी करते. पक्ष्यांचं इतर बोलतील, मी घराचं बोलते.

धागाकर्ते, तुम्ही म्हणता रविवार घराचा. रुग्णालयाची ड्यूटी मला माहीत आहे, माझे यजमानही त्याच व्यवसायात आहेत. थंडीतले इतके शनिवार मोकळे मिळत नाहीत. ते कोणाकडून तरी बदलून घ्यावे लागतात आणि बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. तुम्ही काय देता? रविवार देत असाल तर १८३१चा कायदा तुमच्या घराच्या काही उपयोगाचा नाही.

दुसरं. इथे नोव्हेंबर ते जानेवारी चार-साडेचारला अंधार पडतो. लहान मुलांना घेऊन बाहेर पडायचं तर उजेडाचे तास मोजकेच, आणि नेमके तेच तुम्ही नेता. तुमची बायको शनिवारी सकाळी पोहण्याचा क्लास, मराठी शाळा, वाणसामान, कुणाच्या तरी वाढदिवसाची भेटवस्तू आणि संध्याकाळी चिखलाचे कपडे हे सगळं करत असेल. तुम्ही बंद व्हायची तारीख अभिमानाने सांगितलीत. घरकामाला बंद व्हायची तारीख कोणती, ते सांगा.

हाकारीण

मी श्रॉपशायरमध्ये राहते. बंदूक चालवत नाही, पण माझी स्पॅनियल कुत्री घेऊन पडलेले पक्षी वेचायला जाते. 'पिकर-अप' म्हणतात. जखमी पक्षी लवकर शोधून, पटकन मारून त्याची वेदनेतून सुटका करणं हे आमचं काम. ते न करता पुढच्या हाक्याला जाणारा गट मी सोडून दिलेला आहे.

कृष्णाकाठ, हेन हॅरियरबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो गुन्हा आहे आणि गुन्हेगारांना आमच्याच लोकांनी पाठीशी घातलं, हे मी इथे स्पष्ट लिहिते. स्कॉटलंडने २०२४च्या कायद्याने ग्राउसच्या शिकारीला परवाना लावला, इंग्लंडनेही लावावा. पण सुपरमार्केटमधली कोंबडी पाच-सहा आठवड्यांत कापली जाते आणि तिने कधी ऊन पाहिलेलं नसतं. फेझंट निदान महिनोन् महिने उडतो. चिकन बिर्याणी खाऊन मला कोणी अहिंसा सांगितली तर मी ऐकून घेणार नाही. शाकाहारी माणसाने सांगितली तर मान खाली घालून ऐकेन.

आईंना एवढंच सांगते की मीही आई आहे, आणि शनिवारी शेतावर मीच जाते. मुलं यजमानांकडे असतात. सुरुवातीला सासरी कुजबुज झाली. पुरुष गेला असता तर झाली नसती.

माळावरचा

मी विदर्भातला. तुमच्या वादात एक माणूस कुठेच आला नाही.

आमच्या गावाबाहेर फासेपारध्यांचा बेडा (वस्ती) आहे. तितर, लाहुरी पकडणं हा त्यांचा पिढीजात धंदा. छंद नव्हे, पोट. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी माणसं जन्मतः गुन्हेगार ठरवायची सोय केली आणि पारध्यांच्या कपाळी तोच शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ला कागदावर सुटका झाली. मग १९७२ आलं आणि पोटाचा धंदाही गुन्हा झाला. आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर जाते. ज्या देशाने हे शिक्के मारले त्या देशात रानपक्षी मारायला हंगाम आहे, परवाना आहे, कुत्री आहेत, मधल्या वेळेला सूप आहे.

मी तुमच्यावर रागावलेलो नाही, डॉक्टर. पण शिकारीला 'कौटुंबिक समतोल' वगैरे म्हणताना हे ठाऊक असू द्या, की फासा लावून दोन तितर घरी आणणाऱ्या बापालाही मुलंबाळं होती आणि त्याच्यासाठी कोणी हंगाम ठरवला नाही.

करवीर

कोल्हापूरकर म्हणून दोन शब्द. दाजीपूर हे छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली तेच गव्यांचं अभयारण्य झालं. शिकारीच्या परंपरेतून संवर्धनाकडे जाता येतं, हे आम्ही करून दाखवलेलं आहे.

आणि नेमबाजीच हवी असेल तर जीव कशाला घ्यायचा? तेजस्विनी सावंतने २०१०ला म्युनिकमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातला, रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करत करत त्याने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. नोकरी आणि नेम यांची सांगड याहून चांगली कुठली? तुमच्याकडे मातीच्या तबकड्यांवर नेम धरायची मैदानं गावोगाव आहेत. दोन तासांत घरी परत. कोणाचा शनिवार जात नाही आणि कोणाचा जीवही नाही.

रानहाका

सगळ्यांना उत्तर देतो.

दोन मुलांची आई: ड्यूट्या बदलून घेतो, हे बरोबर ओळखलंत. बदल्यात मी उन्हाळ्यातले शनिवार-रविवार देतो, ऑक्टोबर ते जानेवारीतले रविवार देत नाही. शनिवारचा क्लास आणि वाणसामान बायकोवर पडतं, हे खरं आहे. म्हणूनच आमच्या घरात हंगाम दोन आहेत. तिला डोंगरावर पळायच्या शर्यतींचं वेड आहे, इथे त्याला फेल रनिंग म्हणतात. वसंत आला की जे शनिवार मोकळे असतील ते तिचे. ती पहाटे गाडी घेऊन निघते, मुलं, शाळा, स्वयंपाक, कपडे माझ्याकडे. तेव्हा कोणी मला 'मदत करतो' म्हटलं तर मी दुरुस्त करतो. माझा खरा मुद्दा हाच होता: एकाचा छंद बारमाही असेल तर दुसऱ्याची पाळी येतच नाही.

एक गोष्ट तेवढी तिच्या अधिकाराबाहेर आहे. बंदुकीच्या कपाटाची किल्ली. परवाना माझ्या नावावर असल्याने ती कुठे ठेवली हे बायकोला कळता कामा नये. पोलीस घरी येऊन कपाट बघतात, माझ्या डॉक्टरकडून माझ्या मनःस्थितीची माहिती घेतात, परवाना पाच वर्षांचाच असतो. ती म्हणते, बाकी संसारातही इतकी चौकशी व्हायला हवी, आणि मला ते पटतं.

कृष्णाकाठ: पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्यांचा आकडा मलाही जड वाटतो. आमचा गट मोजके पक्षी सोडतो आणि जेवढे खाता-वाटता येतील तेवढ्यावर दिवस थांबवतो. ग्राउसच्या माळावर मी जात नाही, त्याचं कारण तुम्ही सांगितलंत तेच आहे. पण रोज माणसं जगवणाऱ्याने पक्षी मारू नये, हे मला मान्य नाही. मटण आणणारा माणूसही मारतोच, पैसे देऊन दुसऱ्याच्या हाताने. माझ्या मुलांना ताटातलं मांस कुठून येतं ते ठाऊक आहे, आणि ती टाकत नाहीत.

करवीर: तबकड्यांवर मीही नेम धरतो, उन्हाळ्यात सराव तिथेच होतो. पण तिथे फक्त नेम असतो. रान, कुत्री, हाका, वारा, वाट बघणं यातलं काही नसतं, आणि मी जातो ते त्यासाठी.

माळावरचा, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे प्रतिवाद नाही. जे लिहिलंत ते बरोबर आहे आणि ते या धाग्यात असायलाच हवं होतं.

दोन मुलांची आई

बायकोचा स्वतंत्र हंगाम आहे हे वाचून बरं वाटलं. पहिल्या लेखातच तिची शर्यत यायला हवी होती. आमच्याकडे शंभरातली नव्वद घरं अशी, की नवऱ्याचा छंद असतो आणि बायकोची 'आवड' असते, जी वेळ मिळाला तर जोपासायची.

पण उन्हाळ्यातल्या ड्यूट्या देता म्हणालात. इथे जुलैच्या शेवटापासून शाळेला सहा आठवडे सुट्टी असते. त्या सुट्टीतले रविवार विकून थंडीतले शनिवार घेत असाल तर तो सौदा मुलांना विचारून झालाय का?

शिवाय अळणी मुलांना आधी देता असं लिहिलंय. काडतुसं शिशाची आहेत की स्टीलची? शिशाच्या छऱ्याने मारलेलं मांस लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी कमीत कमी खावं, असं इथल्या अन्नविभागाने २०१२ सालीच सांगितलंय. दिसेल तो छर्रा सुरीने काढाल, पण शिशाचे बारीक कण मांसात राहतात, ते दिसत नाहीत.

हाकारीण

हा प्रश्न सगळ्यांनी विचारावा असा आहे. पाणथळीत शिशावर इंग्लंडमध्ये १९९९पासून बंदी आहे. बाकी रानासाठी २०२०मध्ये शिकारीच्या संघटनांनीच पाच वर्षांत स्वेच्छेने सोडू म्हणून जाहीर केलं, पण ते नीट झालं नाही, आणि शेवटी सरकारला २०२५मध्ये बंदी जाहीर करावी लागली. मी ज्या गटात वेचायला जाते तिथे शिशाची काडतुसं घेऊन आलेल्याला सकाळीच परत पाठवतात.

रानहाका

काडतुसं स्टीलची. मुलगी पकड घेऊन कंडरा ओढायला बसू लागली तेव्हापासून. माझी दुनळी जुनी आहे, त्यामुळे स्टीलला चालते का हे आधी बंदूककाराकडून तपासून घेतलं. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित बंदुका आहेत त्यांनी हे केल्याशिवाय स्टील घालू नये. स्टीलची मार कमी अंतरापर्यंत असते, म्हणून उंच पक्षी आम्ही सोडून देतो.

सुट्टीतल्या रविवारांचं मुलांना विचारलेलं नाही. ऑगस्टची ड्यूटी अजून लागायची आहे, त्याआधी विचारतो.

कृष्णाकाठ

विचारा, आणि मुलं काय म्हणाली ते इथे लिहा. फेझंटबद्दल माझं मत तेच आहे: खाण्यापुरतं मारायचं म्हणता, तर सोडण्यासाठी वाढवायचे कशाला? तुमच्या गटाने पुढच्या हंगामात एकही पक्षी न सोडता, रानात आपोआप वाढलेल्यांवरच काय मिळतं ते बघावं. तितकंच मिळालं तर तितकंच खावं. तेव्हा मी त्याला पारध म्हणेन.