रस्ता सुरक्षेच्या सरकारी जाहिरातीत तरुणांचा पाणउतारा करावा का?

सिडनीकर_बाबा
ऑस्ट्रेलियात जुने असलेल्यांना २००७ मधली करंगळीची जाहिरात आठवत असेल. न्यू साउथ वेल्स राज्याच्या (सिडनी याच राज्यात) रस्ते व वाहतूक प्राधिकरणाने ती काढली होती. एखादा तरुण टायर कर्कश वाजवीत गाडी दामटतो आणि पाहणाऱ्या बायका, एवढेच काय त्याचे दोस्तही, करंगळी हलवून दाखवतात, असे तिचे स्वरूप होते. (मराठी शाळेत शिकलेल्यांना करंगळीचा निराळाच अर्थ आठवेल, येथे इशारा पुरुषत्वाच्या मापाकडे होता.) वेगाने गाडी हाकणाऱ्याला कोणी मोठा मानत नाही, असे तिचे घोषवाक्य होते. माझ्या मुलाने नुकतीच गाडीला लाल ‘पी’ची पाटी (नव्या चालकाच्या पहिल्या टप्प्याच्या परवान्याची खूण) लावली आहे आणि तो जपून चालवतो. परवा घरी या जाहिरातीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “गाडी दामटणारे चार, पण हसतात सगळ्या पोरांना.” करदात्यांच्या पैशातून शासनाने एका वयाच्या मुलग्यांची अशी टिंगल करणे आपणांस योग्य वाटते का?

यारा_काठी
आमच्या व्हिक्टोरिया राज्यात १९८९ मध्येच सरकारी जाहिरातीत याहून उघड शिवी आली. दारू पिऊन गाडी चालवलीत तर तुम्ही महामूर्ख आहात, एवढाच तिचा आशय. मूळ शब्द याहून रांगडा आहे. ही जाहिरात करणारा परिवहन अपघात आयोग म्हणजे केवळ उपदेश करणारे खाते नव्हे. गाडीच्या नोंदणीबरोबर आपण भरतो त्या शुल्कातून जखमींच्या उपचारांचा खर्च हाच आयोग उचलतो, मग चूक कोणाची का असेना. ज्याला रोज ती बिले चुकती करावी लागतात त्याने जरा कडक बोलले तर मला खटकत नाही. शिवाय त्या वाक्यात ‘तर’ आहे: प्यायलात आणि चालवलीत, तरच मूर्ख. पन्नाशीच्या गृहस्थालाही ते तितकेच लागू पडते. करंगळीत वय आणि लिंग आधीच ठरलेले आहे, म्हणून या दोन जाहिराती मी एका मापाने मोजणार नाही.

घाटमार्गी
मी करंगळीच्या बाजूने आहे. रक्त, पांढरी चादर, रडणारी आई, हे सारे विशीतल्या मुलाने पाहिलेले असते, आणि मरण दुसऱ्यालाच येते अशी त्याची पक्की समजूत असते. त्याला धास्ती असते ती चारचौघांत हसे होण्याची. त्यातही जाहिरातीत हसतो तो पोलीस नाही की मंत्री नाही. ज्यांच्यावर छाप पाडण्यासाठी तो वेग वाढवतो तीच माणसे हसतात. सरकारी अधिकाऱ्याने कॅमेऱ्यासमोर येऊन तेच म्हटले असते तर पोरांनी त्यालाच वेड्यात काढले असते.

आकडेमोड
अपमान प्रभावी ठरला असे म्हणण्यापूर्वी त्याच सुमारास आणखी काय घडले तेही पाहावे. न्यू साउथ वेल्समध्ये २००७ च्या जुलैतच पहिल्या टप्प्याच्या परवानाधारकांसाठी नियम कडक झाले: वेगमर्यादा ओलांडली की किमान तीन महिने परवाना स्थगित, आणि पंचविशीच्या आतील अशा चालकाला रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत एकवीस वर्षांखालील एकच सोबती गाडीत घेता येईल. व्हिक्टोरियातही १९८९ मध्ये रस्त्यांवर ७७६ माणसे मेली आणि १९९२ मध्ये ३९६, ही घट डोळ्यांत भरण्याजोगी आहे. पण त्याच काळात दारू प्यायलेले चालक पकडण्यासाठी पोलिसांच्या श्वासचाचणीच्या मोठ्या बसगाड्या रस्त्यावर आल्या आणि वेग टिपणारे कॅमेरे वाढले. शिवीचा वाटा नेमका किती हे वेगळे काढणे कठीण असताना तिला श्रेय देऊन मोकळे होणे मला सोयीचे वाटते, प्रामाणिक नव्हे.

यारा_काठी
हे मान्य. तरीही नाकाबंदी एका रात्री एकाच चौकात असते, दूरचित्रवाणी घरोघर. ती बस पुढच्या वळणावर उभी असेल ही भीती घराघरांत पोचवण्याचे काम जाहिरातीनेच केले. मात्र त्यासाठी शिवी लागतेच का, हा प्रश्न उरतो.

सिडनीकर_बाबा
सर्वांचे आभार. घाटमार्गी यांचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. चारचौघांची लाज कामाची आहे, मात्र ती चालकालाच का दाखवावी? न्यूझीलंडच्या वाहतूक खात्याने २०११ मध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध जी जाहिरात केली, तिचा नायक पार्टीतला एक मुलगा आहे. दोस्त पिऊन गाडीकडे निघाला आहे, त्याला अडवावे तर आपण बावळट दिसू, आणि न अडवावे तर त्याचे भूत आपल्याला छळेल, अशा घालमेलीत तो असतो. शेवटी तो अडवतो. तेथील पोरांनी त्या जाहिरातीतली वाक्ये उचलून आपसांत वापरली. माझा मुलगा स्वतः वेगाने जाणार नाही, पण शनिवारी रात्री तो दुसऱ्याच्या गाडीत बसतो. त्या वेळी मित्राला “हळू घे” म्हणायला त्याला तोंड फुटावे, याची मला अधिक गरज वाटते, आणि करंगळी हलवून दाखवणे हे काम धावत्या गाडीत मला तरी धोक्याचेच वाटते.