सिगरेटवरून हळूहळू व्हेपवर जातोय, पण मधेच रुतलोय. मदत हवी आहे

आंबेगावकर (रविवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय आणि तोही असल्या विषयावर, तेव्हा सांभाळून घ्या. सिगरेट वाईट असते हे सांगायला कृपया कोणी येऊ नका. ते काम आमच्याकडे आई, बायको आणि पाकिटावरचा फोटो असे तिघं मिळून चोख करतात.

वय ३९, नोकरी हिंजवडीत. गेली दहा-बारा वर्षं दिवसाला १४ सिगरेटी. आकडा इतका पक्का कारण दहाचं एक पाकीट आणि वर टपरीवरच्या चार सुट्ट्या असा हिशेब बसलेला. फेब्रुवारीत सिंहगड चढताना तीनदा बसलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा ताकवाल्या एक आजी डोक्यावर बोजा घेऊन मला मागे टाकून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "दमानं ये रं लेकरा, गड काय पळून जात न्हाई." त्या रात्री ठरवलं, आता पुरे.

एप्रिलमध्ये मावसभाऊ लंडनहून आला. त्याने स्वतःचं जुनं व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, आणि पाच-सहा पॉड (त्यात बसवायच्या निकोटीनच्या लिक्विडच्या डब्या) दिले आणि युक्ती सांगितली: दर आठवड्याला दोन सिगरेटी कमी कर, त्यांच्या जागी हे ओढ. चौदाच्या बारा झाल्या, बाराच्या दहा, मग आठ, मग सहा. मी हवेत होतो. आणि तिथेच गाडी रुतली. गेले तीन आठवडे सहा म्हणजे सहा.

या सहाही जणी मला तोंडपाठ आहेत. सकाळी गॅलरीत चहाबरोबरची. गाडी लावल्यावर ऑफिसात शिरायच्या आधीची. जेवणानंतरची. साडेपाचची टपरीवरची, जी खरं तर दोन आहेत, कारण सोबतचा सहकारी पहिली संपली की न विचारता दुसरी पुढे करतो. आणि रात्री कुत्र्याला फिरवताना कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून एक. या सहांच्या वेळी व्हेप खिशात असतं, पण हात तिकडे जातच नाही. व्हेपला राख नाही, काडी नाही, आणि ते संपतही नाही. सिगरेट संपली की माणूस उठतो तरी.

हे वाक्य लिहिलं आणि जाणवलं की खरी भानगड तीच आहे. मुलगी झाल्यापासून घरात कधी सिगरेट पेटवली नाही. आता बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावून व्हेप ओढतो, वाकडच्या पुलाखाली गाडी अडकली की ओढतो, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ओढतो. परवा रात्री तीनला जाग आली आणि हात आपसूक उशीखाली गेला. सिगरेटसाठी मी रात्री तीनला कधीच उठलो नव्हतो.

त्यात भावाने दिलेले पॉड संपले. एका दुकानदाराने वापरून फेकायचं तयार व्हेप दिलं, आंब्याच्या चवीचं. खोक्यावर ५% लिहिलंय. पाच टक्के म्हणजे कमीच असणार ना? पण ते सुरू केल्यापासून सकाळी चार-पाच झुरक्यांतच मळमळतं, हात थरथरतात, छातीत धडधडतं.

तर विचारायचं असं की सहावरून शून्यावर कसं जायचं? दोन्ही चालू राहिलं तरी चौदापेक्षा बरंच, असं धरून चालू का? आणि व्हेपवर जाऊन ज्यांची सिगरेट खरंच सुटली असे कोणी इथे आहेत का?

कायद्याचं बोला (सोमवार, सकाळी ८:०५)

चर्चा भरकटण्याआधी एक गोष्ट. भारतात ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. नुसतं ओढणाऱ्याला शिक्षा असं कलम त्यात नाही, पण म्हणून ते राजरोस झालं असं नव्हे, आणि साठा करून ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे. बॅगेतून आणणं हीसुद्धा आयातच, हे मावसभावाला कळवा. तेव्हा "कुठे मिळतं" हे इथे कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये.

जाता जाता: महाराष्ट्रात सुट्टी सिगरेट विकायलाही २०२० पासून बंदी आहे. तुमच्या टपरीवाल्याला सांगून बघा, काय म्हणतो ते आम्हाला कळवा.

पर्वतीकाका (सोमवार, सकाळी ९:३०)

वय ७१, रोज पर्वती चढतो, त्यामुळे आगाऊपणा करायचा हक्क आहे असं मी समजतो.

चौदाच्या सहा झाल्या म्हणजे धोकाही निम्म्याच्या खाली आला, असं तुम्ही मनाशी धरलंय. हृदयाचं गणित तसं चालत नाही. दिवसाला एकच सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. मला हे अँजिओप्लास्टीनंतर कळलं. तेव्हा मी "फक्त तीन"वर होतो आणि डॉक्टरांना ते मोठ्या ऐटीत सांगितलंही होतं.

एक विचारतो, खरं सांगा. या उरलेल्या सहा तुम्ही फिल्टरचा चटका बसेपर्यंत ओढता ना? मीही तेच करायचो. संख्या कमी केली की माणूस झुरका खोल घ्यायला लागतो.

आंबेगावकर (सोमवार, दुपारी १:१५)

काका, बोटावर डाग आहे. पुढे बोलत नाही.

कायद्याचं बोला, टपरीवाल्याला विचारलं. "मग पाकीट घ्या की," म्हणाला.

लेस्टरवासी (सोमवार, संध्याकाळी ६:५०)

मूळचा सदाशिव पेठेतला, आता इंग्लंडात. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मी.

पण आधी ते आंब्याचं प्रकरण. ५% म्हणजे एका मिलीत साधारण ५० मिलिग्रॅम निकोटीन. इथे कायद्याने मिलीला २० मिलिग्रॅमच्या वर विकताच येत नाही. म्हणजे भावाने इथून रीतसर घेतलेले पॉड असतील तर त्यांच्या निदान अडीचपट तुम्ही ओढताय, आणि तेही त्या खोक्यावरचं लेबल खरं आहे असं धरून. एका सिगरेटमधून अंगात जातं ते साधारण १ ते दीड मिलिग्रॅम. त्यावर तुमच्या सहा आहेतच. मळमळ, थरथर, धडधड ही निकोटीन जास्त झाल्याची लक्षणं आहेत. ते आजच बंद करा. धडधड थांबली नाही किंवा छातीत दुखलं तर धाग्यावर लिहीत बसू नका, दवाखाना गाठा. ईसीजी तसाही काढून घ्या.

आता क्रमाचं. मी २०२१ मध्ये एका शनिवारी सिगरेट पूर्ण बंद केली. त्या दिवसापासून व्हेप हवं तेवढं. मग लिक्विडमधलं निकोटीन उतरवत नेलं: मिलीला १८ मिलिग्रॅम, मग १२, ६, ३, शून्य. अकरा महिने लागले. हळूहळू उतरवलं ते निकोटीन, सिगरेटची संख्या नव्हे. तुमचं नेमकं उलटं झालंय. सिगरेटी थोड्या राखून ठेवल्यात आणि लिक्विड चढवलंत.

इथे यावर प्रयोगही झालाय, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास ७०० माणसं. निम्म्यांनी दोन आठवडे कमी करत करत सोडायची, निम्म्यांनी ठरल्या दिवशी एकदम. मदतीला निकोटीनचे पॅच (अंगाला चिकटवायच्या पट्ट्या) वगैरे दोन्ही गटांना. चार आठवड्यांनी बघितलं तर एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकले होते, हळूहळूवाल्यांतले ३९. ज्यांना स्वतःला हळूहळू सोडायची आवड होती, त्यांच्यातही एकदमवाले पुढेच होते.

इथली आरोग्यसेवा व्हेपला सिगरेटपेक्षा कमी घातक म्हणते. निरुपद्रवी म्हणत नाही, आणि जो ओढत नाही त्याने हात लावू नये हेही त्याच दमात सांगते. पण हा सगळा डोलारा मोजलेल्या लिक्विडवर उभा आहे. आंबा ५ टक्के संपल्यावर तुम्हाला आंबा ३ टक्के मिळणार नाही, दुकानदाराच्या खणात असेल ते मिळेल. माझा रस्ता पुण्यात बसून चालण्यासारखा नाही, आणि हे व्हेपने सुटलेला माणूस सांगतोय.

नवव्या मजल्यावरून (सोमवार, रात्री ९:१०)

मुलगी किती वर्षांची? उशीखाली निकोटीनचं लिक्विड आणि वर त्याला आंब्याचा वास! लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी विषबाधा होऊ शकते. आधी ते घरातून काढा. आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते. ई-कचऱ्यात द्या.

आंबेगावकर (सोमवार, रात्री ९:२५)

पाच वर्षांची. काढलं. हे डोक्यातच आलं नव्हतं.

गोळीवाला (सोमवार, रात्री ११:००)

सिंहगड रोडला औषधाचं दुकान, बावीस वर्षं. आत्ताच शटर ओढून आलो.

लेस्टरवासी म्हणतात ती मोजलेली उतरती पायरी पुण्यातही मिळते, आमच्या काउंटरवर. फक्त तिच्यातून धूर निघत नाही म्हणून कोणाला तिचं कौतुक नाही. २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा चिठ्ठीवर. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागणाऱ्याला साधारण ४ चा लागतो, ते डॉक्टर ठरवतील. पॅच २१, १४, ७ मिलिग्रॅम असे उतरत जातात. पॅचने दिवसभराची पातळी धरून ठेवायची आणि ऐन तलफेला गम, ही जोडी एकेकट्यापेक्षा जास्त लागू पडते. पण धडधड झालेल्या माणसाला मी पॅच हातात देणार नाही, आधी डॉक्टर. ते कदाचित तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्याही सुचवतील. त्या साधारण १२ आठवडे घ्यायच्या असतात, चिठ्ठीशिवाय नाहीत.

गमबद्दल जरा सविस्तर, कारण लोक इथेच हरतात. चार दिवसांनी उरलेली पट्टी घेऊन येतात: उचक्या लागतात, जळजळतं, काही उपयोग नाही. विचारलं की कळतं, गड्याने बडीशेपेसारखा कराकरा चावून रस गिळला. आठ-दहा वेळा सावकाश चावा. जिभेला मिरमिरायला लागलं की थांबा आणि गाल आणि हिरडी यांच्या मधे ठेवून द्या. मिरमिर गेली की परत दोन-चार वेळा चावा, परत ठेवा. एक गम अर्धा तास पुरतो. निकोटीन गालातून रक्तात जायला हवं, पोटात गेलं की नुसत्या उचक्या.

आता आपल्याकडची अडचण. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यानंतर पंधरा मिनिटं गम तोंडात टाकू नका. तोंड आंबट असेल तर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. अमृततुल्यासमोर उभं राहून एका हातात कटिंग आणि गालात गम, म्हणजे पैसे पाण्यात.

चहावरून अजून एक. सिगरेटच्या धुरामुळे कॅफिन अंगातून लवकर निघून जातं. धूर बंद झाला की तोच चहा जास्त वेळ अंगात राहतो आणि चढतो. गिऱ्हाईक म्हणतं निकोटीन सुटल्याची तगमग आहे, झोप नाही. दिवसाला सहा चहा चालूच असतात. चहा निम्म्यावर आणा.

आणि २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. सोडायला मदत करणारी सरकारी लाइन आहे, फुकट आहे. फोटोकडे बघायचं टाळता टाळता नंबरही वाचायचा राहून जातो लोकांचा.

आंबेगावकर (पुढचा गुरुवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय.

ईसीजी ठीक निघाला. डॉक्टरांनी आधी भरपूर झापलं, मग पॅच दिले आणि सोबत २ चा गम. मंगळवारपासून सिगरेट शून्य, व्हेप शून्य. आज तिसरा दिवस. सगळ्यात वाईट म्हणतात तो हाच. ऑफिसात प्रिंटरशी भांडलो.

गॅलरीतली सोपी गेली. चहा गॅलरीत न नेता ओट्यापाशी उभं राहून प्यायलो. बायको तीनदा म्हणाली, सरक. ऑफिसच्या दारातली आणि जेवणानंतरची गमवर निभावली. उचक्या आल्या नाहीत, गोळीवालेसाहेब.

टपरीवर मात्र काल मुद्दाम गेलो. गम गालात, त्यामुळे चहा नाही. आणि चहाही नाही, सिगरेटही नाही, असा माणूस टपरीवर नक्की कशासाठी उभा असतो, हे टपरीवाल्यालाही कळेना आणि मलाही. हातांचं काय करायचं तेच सुचेना. सहकाऱ्याने पहिली संपवली आणि सवयीने दुसरी माझ्यापुढे धरली. मग त्याच्याच लक्षात आलं आणि ती त्याने कानावर अडकवली. मी त्याचा लायटर घेऊन उघडझाप करत पंधरा मिनिटं काढली. त्यातला गॅस संपवला बहुतेक.

रात्रीची अजून जमत नाहीये. म्हणजे ओढत नाही, पण कुत्रं नेमकं त्या बंद दुकानापाशी जाऊन थांबतं, पायरीशी बसतं आणि माझ्याकडे बघत राहतं. ओढलं तरी हलत नाही.

एक छोटा प्रश्न: गमची पुदिन्याची चव फार झोंबते, दुसरी काही मिळते का?

गोळीवाला (गुरुवार, रात्री १०:५०)

पानाच्या चवीचा मिळतो. फक्त सवयीने पिंक टाकायला जाऊ नका, गमही जाईल.

पर्वतीकाका (शुक्रवार, सकाळी ५:४५)

कुत्र्याचा रस्ता बदला.