सेखमेत तिच्या देवळातच हवी

उत्तरवारा : इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरसमूहात, उत्तर कुंपणाजवळ प्ताह या देवाचं छोटं देऊळ आहे. उजवीकडच्या खोलीत सिंहमुखी देवी सेखमेत उभी आहे, एकटी. रखवालदाराने दार लोटलं. छताच्या भोकातून येईल तेवढाच उजेड. आधी डोक्यावरची सूर्यचकती दिसली, मग नाकाची कड, मग हातातला पपायरसचा दंड. अंगावर काटा आला. त्याआधी इटलीत तूरिनच्या संग्रहालयात तिच्या २१ मूर्ती पाहिल्या होत्या; तिथे नुसता पाट्या वाचत पुढे सरकलो.

रोज पहाटे मोहोर फोडून दार उघडायचं, मूर्तीला तेल, वस्त्र, नैवेद्य, आणि निघताना आपल्या पावलांचे ठसे झाडून टाकायचे, अशी प्राचीन इजिप्तमधली नित्यपूजा. अशी सेवा झालेल्या देवांना क्रमांक देऊन उभं करणं मला पटत नाही. परत पाठवा.

गाळपेर : कुठे पाठवायच्या? अमेनहोतेप तिसरा या प्राचीन राजाने तिच्या शेकडो मूर्ती घडवल्या, त्यातल्या बऱ्याच नाईलच्या पश्चिम काठावरच्या देवळासाठी. ते भूकंपात पडलं. जमिनीतलं खारं पाणी तिथले दगड आजही पोखरतंय.

उत्तरवारा : म्हणूनच १९९८पासून पुरातत्त्वज्ञ हूरिग सूरूझियान यांचं पथक तिथे राबतंय. चिखलातून निघालेल्या मूर्तींचं मीठ उतरवतात. जमतंय की! आणि तूरिनचा संग्रह कुणी वाचवायला नेला नव्हता. द्रोवेत्ती या फ्रान्सच्या वाणिज्यदूताने जमवला आणि १८२४ साली विकला.

ओसरी : मुळात गल्लत होतेय. नित्यपूजेची मूर्ती लहान, मौल्यवान धातूची, देव्हाऱ्यात मोहोरबंद. तशा जवळपास सगळ्या नाहीशा झाल्या. दगडी सेखमेत रांगेने मांडलेल्या असत, म्हणजे तूरिनची रांगच मूळच्या जवळची. शिवाय पंढरपूरला विठ्ठलाच्या पायावर डोकं टेकता येतं, तसं तिथे नव्हतं. सामान्य माणसाला गाभारा बंद. सणाला देव नावेत बसून निघे, तोही पडद्याआड.

उत्तरवारा : देव्हाऱ्यातली मूर्ती वेगळी, हे मान्य. चूक माझी. पण रांग कशासाठी होती? रोगराई धाडणारी तीच, बरं करणारीही तीच. तिचा कोप शमवायला. अनेक मूर्तींवर देवीचं निरनिराळं नाव कोरलंय. आपल्या सहस्रनामासारखी नामावळीच ती, दगडातली. आता एक नाव तूरिनला, एक लंडनला, एक पॅरिसला.

गाळपेर : नावं जुळवायला छायाचित्रं पुरतात. त्यासाठी दगड हलवायला नकोत.

उत्तरवारा : छायाचित्रापुढे धूप कुणी जाळला नव्हता. ती नावं समोर उभं राहून म्हणायची होती.