मदत हवी आहे: विद्यापीठाच्या लोकनृत्य संघात शेवटचा शब्द कोणाचा असावा?

रंगपेटी:
नमस्कार मंडळी. विद्यापीठाचा लोकनृत्य संघ यंदा धनगरी गजा, म्हणजे धनगर समाजाचं ढोलाच्या तालावरचं नृत्य, करतोय. पुढे इंद्रधनुष्य (राज्यातल्या विद्यापीठांचा युवा महोत्सव), आणि निवड झाली तर एआययूचा, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाचा, विभागीय महोत्सव. नाचणारे 10, साथीला 5, वेळ 8 ते 10 मिनिटं, या चौकटीत नृत्य बसवलंय.

अडचण अशी: बाहेरचे नृत्यदिग्दर्शक शेवटचे 12 दिवसच येतात. तोवर तालीम संघप्रमुख घेतो आणि तो स्वतः पहिल्या रांगेत नाचतो. मुख्य ढोलवाला तिसरंच सांगतो. एकाच गिरकीला तीन सूचना मिळतात. रचना आठ मात्रांची (आठ ठोक्यांची एक फेरी म्हणजे एक आवर्तन), 108 आवर्तनं. फोनवर ठेका लावून बरोबर 9 मिनिटं होतात, रंगीत तालमीत मात्र 10 मिनिटं 40 सेकंद लागले. शिवाय दरवर्षी निम्मा संघ शिक्षण संपवून बाहेर पडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. कलात्मक दिग्दर्शनाची घडी कशी बसवावी?

सम_पकड:
आधी वेळेचं बघा, कारण तुमचा मूळ प्रश्न त्यातच दिसतोय. 108 आवर्तनं म्हणजे 864 मात्रा. 9 मिनिटांत होतात तेव्हा लय मिनिटाला 96 मात्रांची असते. 10:40 लागले म्हणजे ती 81 वर आली. घेरदार अंगरखा, फेटा आणि हातात रुमाल आला की गिरकी जड होते, पाय उशिरा पडतो आणि ढोलवाला नाचणाऱ्यांसाठी थांबतो. फोन कोणासाठी थांबत नाही, म्हणून रोजच्या तालमीत हे कळलं नाही.

ढोलवाल्याला "जोरात घे" सांगू नका. स्पर्धेच्या दिवशी मुलं उत्साहात पळतातच, मग पावलं सांडतात. 10 आवर्तनं कापा. उरलेली 98 आवर्तनं 96 च्या लयीत 8:10 मध्ये होतात आणि 81 च्या लयीत 9:41 मध्ये. या दोन्हींच्या दरम्यान लय कुठेही गेली तरी तुम्ही मर्यादेत राहता. कापायचं ते सुरुवातीच्या संथ प्रवेशातून कापा, शेवटच्या चढत्या भागाला हात लावू नका.

आणि हे कापायचं कोणी? इथे एकच माणूस लागतो. नाचणारा संघप्रमुख तो होऊ शकत नाही. कितीही गुणी असला तरी रांग वाकडी झालेली आतून दिसत नाही. शेवटचा शब्द समोर बसून पाहणाऱ्याचा.

माळरान:
समोर बसणाऱ्याचा शब्द रचनेपुरता मान्य. लयीत मात्र नाही. गजा ढोल आणि कैताळावर (मोठ्या झांजांवर) चालतो. पाऊल बदलायचा इशारा थापेतूनच यायला हवा, विंगेतून हात हलवून नव्हे. म्हणून मुख्य ढोलवाल्याला तालप्रमुख नेमा. लय त्याची, रचना दिग्दर्शकाची, रोजची घोटवणी संघप्रमुखाची. तालीम चालू असताना सूचना फक्त संघप्रमुख देईल. बाकी दोघांनी आपलं म्हणणं लिहून ठेवायचं आणि तालीम संपल्यावर त्याला सांगायचं. एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ थांबेल.

दुसरं, पहिल्याच आठवड्यात गजा पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या मंडळींपैकी एखाद्या जाणत्याला दोन-तीन दिवस मानधन देऊन बोलवा. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे अशी मंडळी आहेत. हे नृत्य धनगरांचं दैवत बिरोबाच्या सेवेतलं आहे. काय बदललं तर चालेल आणि काय अजिबात नाही, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. नृत्यदिग्दर्शक त्यानंतर यावेत. उलट क्रमाने गेलात तर बसवलेलं मोडावं लागतं आणि मग कोणी मोडत नाही.

भंडाऱ्याचंही आताच ठरवा. मंचावर उधळलेली हळद गुळगुळीत लाकडावर पावडरसारखी सरकते. अनवाणी पाय पहिल्याच गिरकीत घसरतो. आपलं सामान आणि मंच लगेच मोकळा करून देणं ही संघाचीच जबाबदारी असते, हळद काही मिनिटभरात पुसून होत नाही. भंडारा कपाळाला लावा, उधळू नका.

विंगेतून:
दरवर्षी पहिल्यापासून सुरू करावं लागतं, त्यावर उपाय सांगते. तालमीला 10 नाही, 14 जण घ्या. जागांना 1 ते 10 आकडे द्या. चार राखीव मुलांपैकी प्रत्येकाने शेजारशेजारच्या दोन किंवा तीन जागा पक्क्या करायच्या, सगळ्या दहा नव्हे. सगळं थोडंथोडं येणारा राखीव ऐनवेळी कुठल्याच जागेवर उभा राहू शकत नाही. राखीवमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं घ्या, पुढच्या वर्षीचा संघ तिथेच तयार होतो. 25 वर्षांखालची वयाची अट नावं देतानाच तपासा.

चित्रफिती दोन हव्यात. एक समोरून, तिपाईवर, न हलवता, दहाही जण पायांपासून फेट्यापर्यंत दिसतील अशी. दुसरी मागून. नव्या मुलाला शिकताना मागची उपयोगी पडते, कारण समोरच्या फितीत त्याचं डावं-उजवं उलटतं.

एक जाड वही करा. दर चार आवर्तनांना एक चौकोन, त्यात दहा आकडे, बाणाने दिशा, खाली थापेचा इशारा. 98 आवर्तनांचे 25 चौकोन होतात. ही वही संघप्रमुखाच्या घरी नको, विद्यार्थी विकास विभागाच्या कपाटात ठेवा. माणूस गेला की त्याच्या घरची वहीही जाते.

प्रवेशिकेसोबत विषयाची टीप आणि गाण्याच्या शब्दांच्या तीन प्रती मागतात. ती टीप दिग्दर्शकाने लिहावी, कारकुनी काम म्हणून शेवटच्या रात्रीवर टाकू नये. ताल, रचना, भाव, वेशभूषा, रंगभूषा आणि एकूण परिणाम यावर गुण असतात. परीक्षक टीप वाचून रचनेत तेच शोधतात.

रंगपेटी:
मनापासून आभार. उद्याच 98 वर आणतो. एक राहिलं: पुढच्या ठिकाणचा मंच 24 फुटी आहे असं कळलंय. आमच्या पाच-पाचच्या दोन रांगा आहेत. बसतील का?

सम_पकड:
नाही बसणार. हात पसरून रुमाल झटकायचा तर दोघांत 6 फूट लागतात. पाच जणांत चार अंतरं म्हणजे 24, दोन्ही कडांना 3-3 सोडले की 30 फूट. अंतर कमी केलंत तर रुमाल शेजाऱ्याच्या फेट्यात अडकतो. 3-4-3 करा. मधल्या चौघांना 18 अधिक कडांचे 6, बरोबर 24. पुढचे-मागचे तिघे त्यांच्या फटींत येतील. मंचावर मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना 6-6 फुटांवर चिकटपट्टीच्या खुणा करायला परवानगी आहे का, ते आजच आयोजकांना विचारा. नसेल तर मधल्या रांगेतल्या 5 आणि 6 क्रमांकांनी मागच्या पडद्याची मधली शिवण पाहून जागा घ्यायची. तालमीच्या हॉलमध्ये भिंतीवर तशीच उभी पट्टी चिकटवून ठेवा.

विंगेतून:
हे 3-4-3 वहीत नव्या पानावर काढा. जुनी पानं फाडू नका, 30 फुटी मंच पुन्हा मिळेल तेव्हा लागतील.