मिउरा पी४०० एस, पूर्ण रिस्टोअर केलेली: बघायला जाताना काय काय तपासू?

बाराचा_पाना
नमस्कार मंडळी. ज्यांच्या जुन्या गाड्या मी सांभाळतो त्या सरांना एक लॅम्बोर्गिनी मिउरा ऑफर झालीये, पी४०० एस, १९७० ची. विकणारा म्हणतो चासीपासून सगळी खोलून रिस्टोअर केलीये, मॅचिंग नंबर आहे, रिस्टोअर झाल्यापासून जेमतेम चाललीये. फोटोत तर एक डाग शोधून सापडत नाही. सर म्हणाले तू आधी जाऊन बघून ये आणि खरं काय ते मला सांग. कार्बोरेटरच्या गाड्या मी बऱ्याच खोलल्यात पण मिउराला आजवर हात लागलेला नाही, आणि खरं सांगायचं तर शाळेत वहीच्या मागच्या पानावर हीच गाडी काढायचो त्यामुळे समोर दिसली की भान राहील की नाही याचीच धास्ती आहे. एकूण साडेसातशेच्या आसपासच बनल्यात, चुकलो तर सरांचं मोठं नुकसान. ज्यांनी जवळून बघितलीये किंवा काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, सुरुवात कुठून करू?

कागद_आधी
गाडीच्या आधी कागद बघ भावा. मिउराला चासी नंबर वेगळा, इंजिन नंबर वेगळा आणि बॉडी बर्टोने या इटालियन बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे तयार व्हायची त्यामुळे तिचा प्रॉडक्शन नंबर तिसराच. म्हणजे मॅचिंग नंबर याचा अर्थ तिन्हीकडे तोच आकडा असा नाही, या चासीला फॅक्टरीतून हेच इंजिन आणि हीच बॉडी लागली होती असं रेकॉर्ड सांगतं का, एवढाच अर्थ. विकणाऱ्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. लॅम्बोर्गिनीने २०१५ साली पोलो स्टोरिको नावाचा स्वतःचा विभाग काढलाय, जुन्या गाड्यांचं रेकॉर्ड सांभाळणं, सर्टिफिकेट देणं, रिस्टोरेशन करणं हे त्यांचं काम. तिथून काही कागद आहे का, नसेल तर सौद्याच्या आधी घ्यायला तयार आहात का, हे पहिल्याच फोनवर विचार. जो तयार नाही त्याच्याकडे जायचे कष्ट घेऊ नकोस.

दुसरं म्हणजे रिस्टोरेशनचे फोटो माग. तयार गाडीचे नकोत, उघड्या चासीचे, रंग काढल्यावर पत्रा कसा दिसत होता त्याचे, वेल्डिंग चालू असतानाचे. ज्याने मनापासून काम केलंय त्याच्याकडे असे शेकडो फोटो असतात आणि तो ते कौतुकाने दाखवतो. बिलं पण बघ, कुठला पार्ट नवा आणि कुठला जुनाच दुरुस्त केला ते त्यातूनच कळतं.

आणि ही एस म्हणून विकतायत ते एका अर्थी बरंच आहे. एसव्ही, म्हणजे मिउराची शेवटची आवृत्ती, फक्त १५० झाल्या आणि मागणी सगळ्यात जास्त त्यांनाच, त्यामुळे साध्या मिउराचे मागचे फेंडर रुंद करून, हेडलाइटभोवतीच्या काळ्या पट्ट्या, म्हणजे 'पापण्या', काढून टाकून एसव्हीसारखी केलेली गाडी पण बाजारात भेटते. असंही असतं, एसलाच एसव्हीचे पार्ट लावलेले. तसं काही केलं असेल तर ते लपवलंय का सांगितलंय यावर माणूस कळतो.

पत्रेवाले_काका
वरचं सगळं बरोबर. मी पत्र्याचं बोलतो, आयुष्य त्यातच गेलं.

मिउराचं पुढचं आणि मागचं जे अख्खं तोंड उघडतं ते ॲल्युमिनियमचं, मधला सांगाडा स्टीलचा. लोक खिशात मॅग्नेट घेऊन जातात आणि ॲल्युमिनियमला चिकटला नाही की पुटी आहे म्हणून ओरडतात, तसं करू नकोस बाळा. रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन जा आणि ते दोन्ही धातूंवर चालणारं असू दे. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे खाली पुटी नाहीतर ठोकलेला पत्रा. आणि जिथे ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना टेकतात तिथे ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, रंगाखाली बारीक बारीक फोड येतात. नव्या रंगावर फोड दिसले तर समज की खालचं काम झालेलंच नाही.

खरा जीव चासीत आहे. पातळ स्टीलच्या पत्र्याचे बॉक्स करून त्याला वजन कमी करायला भोकं पाडलेली. १९६५ साली ट्युरिनच्या प्रदर्शनात बॉडीशिवाय नुसती चासीच ठेवली होती आणि लोक तीच बघत उभे राहिले, इतकी देखणी. पण त्या भोकांतून पाणी-चिखल आत जातो आणि बॉक्स आतून कुजतो, बाहेरून काही कळत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक भोकात बघ. बारीक कॅमेरा असेल तर सोन्याहून पिवळं. मी एकदा एका इटालियन गाडीच्या (मिउरा नव्हे) उंबऱ्याचा (दाराखालच्या पट्टीचा) बॉक्स उघडला होता, वरून आरशासारखा रंग आणि आत गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा बसवून वेल्ड घासून टाकलेला. मालकाने मोठ्या हौसेने घेतली होती हो ती गाडी, त्यांचा चेहरा अजून आठवतो. म्हणून सांगतो, रंग शेवटी बघ.

कागद_आधी
काका, रंगावरून आठवलं. फॅक्टरी रेकॉर्डमध्ये मूळ रंग लिहिलेला असतो. या गाड्या हिरव्या, केशरी, पिवळ्या अशा एकेक सुंदर रंगात गेल्या होत्या, आणि नंतर कितीतरी जणांनी लाल करून टाकल्या. आत्ताची कुठल्या रंगात आहे?

बाराचा_पाना
लालच आहे. रेकॉर्डचं विचारतो.

वेबर४०
इंजिनाचं मी सांगतो, जरा लांब होईल. ३९२९ सीसी व्ही१२, ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवं बसवलेलं, आणि जागा पुरेना म्हणून गिअरबॉक्स त्याच कास्टिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच. शेवटच्या काही एसव्हींमध्येच ते वेगळं केलं, एसमध्ये एकत्रच. याचा अर्थ काय तर कोणी गिअर रगडून टाकले की तो धातूचा भुगा बेअरिंगपर्यंत जाऊ शकतो. म्हणून ऑइलचा नमुना घे, फिल्टर कापून बघू देतात का विचार, आणि सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगा) थंड असताना आणि गरम झाल्यावर दोन्ही वेळा तपास. कॉम्प्रेशन आणि लीकडाऊन (सिलिंडरमधून दाब किती गळतो ते) बाराही सिलिंडरचं, तोंडी आकडे नकोत, तुझ्यासमोर.

आता आगीचं. मिउराला आग लागते हे सगळे ऐकून असतात पण का ते नीट समजून घे. वर चार वेबर कार्बोरेटर, प्रत्येकाला तीन नळ्या, मुळात रेसिंगच्या जातीचे कार्ब. ट्रॅफिकमध्ये आयडलवर उभी असली की पेट्रोल ओसंडू शकतं आणि खाली सगळं तापलेलं. फ्लोटची लेव्हल, नीडल व्हॉल्व, ओसंडलेलं पेट्रोल बाहेर नेणाऱ्या नळ्या आहेत का, हे सगळं बघ. पेट्रोलचे रबरी पाइप नवे असले तरी कुठल्या प्रतीचे ते विचार, कारण आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या प्रकारचं रबर खातं. इंजिन बे मध्ये आग विझवायची सिस्टिम बसवली असेल तर मी त्या माणसाला पैकीच्या पैकी मार्क देईन, ओरिजिनल नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तरी.

चाकं कॅम्पाग्नोलोची मॅग्नेशियमची. पन्नास वर्षांचं मॅग्नेशियम म्हणजे तडे आणि पोखरलेला धातू, वरून रंग मारला की झाकून जातं. तड्यांची तपासणी केल्याचा रिपोर्ट माग, नसेल तर त्या चाकांवर जोरात चालवू नकोस. आणि ट्रायल घेताना टाकी भरलेली ठेवायला सांग. टाकी पुढे आहे, पेट्रोल संपत आलं की नाक हलकं होतं आणि वेगात पुढचं उचलल्यासारखं वाटतं. तो दोष या एका गाडीचा नाही, सगळ्याच मिउरांचा आहे, त्यामुळे रिकाम्या टाकीवर घाबरून स्टिअरिंग बिघडलंय असा शेरा मारून येऊ नकोस.

एक मनातलं सांगू का. रिस्टोअर झाल्यापासून जेमतेम चाललीये हे ते गुण म्हणून सांगतायत, मला ती सगळ्यात मोठी काळजी वाटते. नुकतं बांधलेलं इंजिन चालवून, परत टाइट करून, ट्यून करून जागेवर येतं. चालवलीच नाही तर सील सुकतात, कार्बमध्ये पेट्रोल चिकट होऊन बसतं. माझ्यासारख्याला विचारशील तर काचेच्या खोलीत ठेवलेल्या गाडीपेक्षा रीतसर दोन-तीन हजार किलोमीटर फिरवलेली आणि तेवढ्या सर्व्हिसच्या नोंदी असलेली मी डोळे झाकून आधी बघेन. ही गाडी आखली तेव्हा लॅम्बोर्गिनीचे इंजिनिअर दल्लारा आणि स्तांझानी, आणि टेस्ट ड्रायव्हर वॉलेस, सगळे विशी-तिशीतले, दिवसाचं काम संपल्यावर स्वतःच्या वेळात बसून तिच्यावर डोकं घालायचे, आणि वॉलेस तर ती रस्त्यावर पळवून पळवून सुधारायचा. ती पळायलाच बनवलीये.

बाराचा_पाना
सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं प्रिंट काढून खिशात ठेवतोय. काल फोन झाला. पोलो स्टोरिकोचा कागद नाहीये पण घ्यायला हरकत नाही म्हणाले. मूळ रंगाचं त्यांना माहीत नाही. चासीचे फोटो पाठवले, एकूण नऊ, आणि नऊच्या नऊ फोटोंत चासीवर काळा रंग आधीच मारलेला आहे. काका, तुमचं वाक्यच डोळ्यांसमोर आलं. सरांना तसंच सांगितलं, ते म्हणाले कॅमेरा विकत घे पण बघून ये. पुढच्या आठवड्यात जातोय.

पत्रेवाले_काका
नऊच फोटो आणि रंग मारल्यानंतरचे. मग उंबऱ्यांपासूनच सुरुवात कर, आणि सीटच्या मागे इंजिनाला लागून जो आडवा बॉक्स येतो तिथे कॅमेरा पूर्ण आत घाल. घाई करतायत असं वाटलं तर चहापाणी नको, गप्पा नको, जास्तच हळू बघ.

वेबर४०
आणि आदल्या दिवशी फोन करून सांग, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, थंड इंजिन कसं सुरू होतं तेच बघायचंय. गेल्या गेल्या आधी एक्झॉस्टला हात लाव. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.