गॅरेजमधल्या लाँच मॉनिटरला चेंडूच्या मारापासून कसं वाचवू?

नेपरविलकर

मंडळी, नमस्कार. मदत हवी आहे. जरा पाल्हाळ होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही.

आम्ही शिकागोजवळ नेपरविलला राहतो. लेक पंधरा वर्षांची, शाळेच्या गोल्फ टीममध्ये आहे. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, ते आम्ही दोघांनी टीव्हीसमोर श्वास रोखून पाहिलं होतं. तेव्हापासून हा खेळ तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. इलिनॉयमध्ये मुलींचा शाळेचा मोसम पानगळीत उरकतो आणि मग मैदानं बर्फाखाली जातात. म्हणून एक गाडी बाहेर काढली आणि गॅरेजच्या त्या अर्ध्या भागात मॅट, चेंडू अडवायला दहा फूट रुंद पडदा आणि एक इंची कंड्युट पाइपची (वायरिंगच्या पोकळ नळीची) चौकट उभी केली. चेंडूपासून पडदा दहा फुटांवर आहे.

लाँच मॉनिटर, म्हणजे फटक्यानंतर चेंडूचा वेग आणि दिशा मोजणारं मशीन, कॅमेऱ्याचं आहे. ती उजव्या हाताने खेळते, त्यामुळे ते चेंडूच्या पलीकडे, तिच्याकडे तोंड करून जमिनीवर बसतं. चेंडू आणि मशीन यांच्यात जेमतेम पन्नास सेंटिमीटर अंतर. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेलं आहे.

गेल्या रविवारी नऊ नंबरच्या आयर्न क्लबने मारताना तिचा शँक गेला, म्हणजे चेंडू क्लबच्या मानेला लागून उजवीकडे सुटला. मी स्वयंपाकघरात होतो. ठण्ण आणि लगेच खट्, असा आवाज आला. धावत गेलो तर पोरगी क्लब छातीशी धरून उभी, डोळ्यांत पाणी. मशीनच्या पडद्याकडच्या अंगाला गोल पोचा पडलाय, रुपयाएवढा. वाकून पाहिलं तर चेंडूवरच्या खळ्यांचे ठसेसुद्धा प्लास्टिकमध्ये उमटलेत. नशिबाने मशीन चालू आहे. वॉरंटीचा कागद वाचला, चेंडूचा मार त्यात धरलेला नाही.

पण माझी खरी काळजी निराळी आहे. ती आता फटका मारताना चेंडूकडे बघतच नाही, मशीनकडे बघते. काल वीस चेंडूंत चार शँक गेले, एरवी महिन्यात एखादा जायचा. "बाबा, ते काढून टाका, मी नुसतं जाळीत मारते," म्हणाली. मला ते नकोय.

तर विचारायचंय असं: लोखंडी कवच करून घ्यावं का? केलं तर किती जाड? की कॅमेऱ्यापुढे पारदर्शक शीट लावून भागेल? घरी ड्रिल आणि ग्राइंडर आहे, वेल्डिंग येत नाही.

डॅलसचा रडारवाला

माझं मशीन रडारचं आहे, ते चेंडूच्या मागे सात फुटांवर बसतं. शँक मागे येत नाही, त्यामुळे ती भीती नाही. पडद्यावरून उसळून आलेला चेंडू मात्र दोनदा अगदी शेजारून गेलाय. पडदा ढोलासारखा ताणला होता, बंजी (पडदा बांधायच्या लवचिक दोऱ्या) सैल केल्यावर चेंडू पडद्याच्या पायाशीच पडायला लागले.

एवढ्यावरून मशीन बदलायला जाऊ नका. तुमचे पडद्यापर्यंतचे दहा फूट, मागे सात, पडद्यामागे मोकळा फूटभर, असे अठरा फूट नुसत्या मशीनसाठी जातील. शिवाय रडारपुढे पत्रा उभा केला की ते आंधळं होतं, म्हणजे कवचाचा प्रश्न तिथेही आहेच.

भोसरीचा पत्रेवाला

दादा, गोल्फ मी आयुष्यात खेळलेलो नाही. भोसरीत शीट मेटलचं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं मशीनचे गार्ड बनवतोय. तुमची पोस्ट तीनदा वाचली. कवचाचं नंतर बोलू, आधी तुम्हीच लिहिलेल्या दोन गोष्टी परत वाचा.

एक, पोचा पडद्याकडच्या अंगाला आहे. मशीनचं तोंड चेंडूकडे आहे. मॅटवरून सरळ आलेला चेंडू तोंडावर बसेल, फार तर कोपऱ्यावर. पडद्याकडच्या अंगावर तो बसायचा तर पडद्याच्या दिशेकडूनच यायला हवा. दोन, ठण्ण आणि मग खट्. ठण्ण हा पोकळ पाइपचा आवाज आहे, राव. प्लास्टिकचा डबा ठण्ण म्हणत नाही. माझ्या मते चेंडू आधी चौकटीच्या उजव्या खांबाला लागला आणि तिथून उलटा आला. खांबावर पांढरा ओरखडा आहे का, तेवढं बघून सांगा.

मारात जोर किती असतो त्याचा अंदाज यावा म्हणून हिशेब केला. गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, तो ताशी १३० मैलांनी सुटला तर साधारण ७८ ज्यूल होतात. १६० ग्रॅमचा लेदरचा चेंडू ताशी ११० किलोमीटरने आला तर ७५. म्हणजे मार क्रिकेटच्या चेंडूएवढाच, पण जागा लहान आणि चेंडू टणक. आयर्नला याच्या निम्म्याच्या आसपास धरा. ३ मिलिमीटरचा एम. एस. (साध्या पोलादाचा) पत्रा याला पुरून उरतो. २ मिलिमीटरही चालेल, पण मधोमध लवेल आणि लवलेला पत्रा आतल्या डब्यावर आपटला तर कवच घालून उपयोग काय? म्हणून पत्रा आणि मशीन यांच्यात सगळीकडून दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. आतून सहा मिलिमीटर ई.व्ही.ए. (रबरासारखा मऊ) फोम चिकटवा. मशीन तापतं, तेव्हा फोमने ठासून भरू नका.

आकार असा: पडद्याकडची भिंत, वर झाकण, मागे पाठ. चौथी बाजू लागत नाही. तळाला पत्रा नको, कारण मशीन मॅटच्या पातळीत बसायला हवं असणार, खाली ३ मिलिमीटर चढले की आकडे बिघडतील. तळाशी बाहेरच्या अंगाला पाय वाकवून घ्या आणि ते एका फळीला आवळा. वेल्डिंगची गरज नाही, दोन बेंड आणि चार अँगल क्लीट (कोपरे जोडायच्या काटकोनी पट्ट्या), बस्स. गावातल्या कुठल्याही पत्र्याच्या दुकानात बेंड मारून देतील.

पण पत्रा कापायच्या आधी पुठ्ठ्याचं करा! खोकं कापून, चिकटपट्टी लावून हेच कवच उभं करा आणि दहा चेंडू हळू मारून बघा. कॅमेऱ्याला चेंडू सुटल्यानंतरचाही थोडा प्रवास दिसावा लागत असेल. भिंतीची कड पुढे आली तर ती नजर अडेल, ते पुठ्ठ्यात कळलेलं बरं.

पारदर्शक शीटचं म्हणाल तर ॲक्रिलिक मुळीच नको, फुटलं तर सुरे होतात आणि समोर तुमची पोरगी उभी आहे. पॉलीकार्बोनेट मार खातं, पण मशीन स्वतः इन्फ्रारेडचा झोत टाकत असेल तर तो शीटवरून परत भिंगात जाईल. तोंड उघडंच ठेवा. रंग काळा आणि मॅट, तोही चमक नको म्हणूनच.

आणि एक करा. चेंडूच्या जागेपासून मशीनच्या पडद्याकडच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणा आणि लेकीच्या कंपासमधल्या कोनमापकाने पडद्याच्या दिशेशी होणारा कोन मोजा. जितका नव्वदच्या जवळ, तितकं सरळ लागण्याचं भय कमी.

नेपरविलकर

पत्रेवाले दादा, तुमचं शब्दन् शब्द खरं निघालं.

टॉर्च घेऊन बसलो. उजव्या खांबावर जमिनीपासून वीतभर उंचीवर पांढरा डाग आहे, नखाने खरवडला तर निघतो. चौकटीला मी पोहण्याच्या तलावातले फोमचे नूडल चिरून घातलेत, पण खाली मॅटची कड येते म्हणून शेवटचा फूटभर पाइप उघडाच सोडला होता. चेंडू नेमका तिथे बसला. तिचा शँक खालूनच जातो, हे मला माहीत होतं.

तिला बोलावून डाग दाखवला. म्हटलं, "हे बघ, तुझा चेंडू सरळ मशीनला लागलाच नव्हता. मी पाइप उघडा ठेवला म्हणून तो परत आला." बराच वेळ खाली बसून त्या डागावर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी सरळ त्याच्यावर मारलं नव्हतं?" आठवडाभर पोर हेच घेऊन फिरत होती.

दोराही ताणला. मशीनचा कोपरा चेंडूच्या वीस सेंटिमीटर पुढे होता, कोन ६८ अंश. मशीनला चेंडू दिसतो त्या पट्ट्याच्या मागच्या कडेला आम्ही चेंडू ठेवत होतो. आता पुढच्या कडेला, दहा सेंटिमीटर पडद्याकडे ठेवला, तर ७९ अंश झाले. एक पैसाही न खर्चता.

सुनंदा, येरवडा

मी येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर बारा वर्षं खेळतेय आणि त्यातलं एक अख्खं वर्ष मी शँकमध्ये घालवलंय, म्हणून लिहिते.

दादा, कवच जरूर करा, पण लेकीला आधी हे समजावून सांगा. शँक म्हणजे चेंडू क्लबच्या तोंडाऐवजी होझलला, दांडा डोक्यात शिरतो त्या मानेला लागणं. फटक्याच्या वेळी वजन चवड्यावर गेलं, हात अंगापासून पुढे सरकले की मान चेंडूपर्यंत पोचते. ती मशीनकडे बघतेय म्हणजे तिचं सगळं अंग त्या बाजूला ओढलं जातंय. जितकी घाबरेल तितकी पुढे झुकेल. तिच्यात काही बिघडलेलं नाही.

मशीन चार दिवस घरात उचलून ठेवा. चेंडूच्या पलीकडे, क्लबच्या टोकापासून दोन बोटं सोडून, चहाच्या पुड्याचं रिकामं खोकं ठेवा. खोक्याला धक्का न लावता वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) अर्धे फटके मारायचे, पाय जवळ, टाचांवर भार जाणवला पाहिजे. मला हे दाखवलं गेलं तेव्हा पहिल्या दिवशी मी सात खोकी उडवली होती. मशीन परत आणाल तेव्हा खोकं काढा, नाहीतर कॅमेऱ्याला चेंडू दिसणार नाही.

आणि सराव चालू असताना गॅरेजमध्ये पडद्याकडे तोंड केल्यावर उजवीकडे, म्हणजे मशीनच्या बाजूला, कुणीही उभं राहू नका. मशीन परत घेता येतं.

नेपरविलकर

सुनंदाताई, तुमचा शेवटचा मुद्दा वाचला आणि बायकोने धुण्याच्या मशीनकडे जायची वाटच बदलली. आमचा लाँड्रीचा दरवाजा नेमका उजवीकडे उघडतो. आता सराव चालू असला की आतून कडी.

दहा दिवसांची हकिगत. नूडल जमिनीपर्यंत नेले, खालच्या फूटभरात दुहेरी. पडद्यापासून मॅटपर्यंत उजवीकडे जाळी सोडली, ताणलेली नाही, पडद्यासारखी लोंबती. खोक्याचा सराव पाच दिवस केला. पहिल्या दिवशी तिने खोकं नऊ वेळा उडवलं, पाचव्या दिवशी एकदा. पुठ्ठ्याचं कवच उभं केलं, तेव्हा कळलं की भिंतीची कड दोन सेंटिमीटर पुढे होती आणि मशीन दर तिसरा चेंडू टिपतच नव्हतं. कड मागे घेतली, सगळे चेंडू टिपले. त्या मापाने पत्रा वाकवून आणलाय.

काल रात्री तिने चाळीस चेंडू मारले. तेविसावा शँक होता. जाळीत गेला, तिथेच खाली पडला. मी दारात उभा होतो, काही बोललो नाही. तिने मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढचा चेंडू ठेवला.

पत्रेवाले दादा, क्लीटचे बोल्ट आतून घालू की बाहेरून?

भोसरीचा पत्रेवाला

बोल्टचं डोकं बाहेर, नट आत नको. आत टोक राहिलं तर पत्रा लवला की तेच मशीनमध्ये घुसेल. पत्र्यात आटे पाडून बटन हेड बोल्ट बाहेरून घाला, आतलं जास्तीचं टोक ग्राइंडरने सपाट करा. ३ मिलिमीटरमध्ये एम ४ चे (४ मिलिमीटर बोल्टचे) आटे आरामात धरतात. कापलेल्या सगळ्या कडांवर कानस मारा, मग रंग. पोरीला आशीर्वाद सांगा.