पहिला बँड वाईट वाजला, की आम्हाला तसा ऐकू आला?

कृष्णाकाठचा श्रोता यांचा प्रश्न

सविनय नमस्कार. गेल्या शनिवारी सांगलीत एका महाविद्यालयाच्या मैदानावर दोन बँडचा रॉक कार्यक्रम झाला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी असा कार्यक्रम मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष ऐकला. रॉक मला नवा नाही, कॅसेटच्या काळापासून ऐकत आलो आहे. परंतु समोर बसून ऐकलेले संगीत म्हणजे मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी सभा आणि भावे नाट्यमंदिरातली संगीत नाटके, एवढीच माझी शिदोरी. त्यामुळे जाणकारांना हा प्रश्न बाळबोध वाटण्याची शक्यता आहे.

आधी वाजवणारा बँड आपल्याच भागातील तरुणांचा होता आणि स्वतःची मराठी गाणी सादर करीत होता. नंतरचा पुण्याहून आलेला, नावाजलेला. चर्चा उणिवांची असल्यामुळे दोघांचीही नावे मुद्दाम देत नाही. मी भाच्याबरोबर साडेपाचलाच पोहोचलो आणि मंचासमोरच्या कठड्याला अगदी मधोमध टेकून उभे राहण्याची जागा मिळवली. दिवस मावळता मावळता पहिला बँड आला. त्यांची पंचवीस मिनिटे मला आठवतात ती पोटात बसणाऱ्या दणक्यांसाठी. बेस गिटार आणि पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम यांखेरीज काहीच नीट उमटत नव्हते. गायकाच्या मानेच्या ताणलेल्या शिरा दिसत होत्या, पण त्याचा एकही शब्द कळला नाही, आणि गिटारवादक काहीतरी बिकट वाजवीत आहे हे केवळ त्याच्या बोटांवरून समजत होते. त्यांचे ड्रम मंचाच्या पुढच्या काठाशी कसेबसे मांडलेले होते आणि मागे उंच चौथऱ्यावर दुसरा मोठा संच काळ्या कापडाखाली झाकून ठेवलेला होता. मागचे लोक पुण्याच्या बँडच्या नावाने ओरडत होते. पाच गाणी झाली आणि मुले निमूटपणे आपल्या तारा गुंडाळू लागली.

मधल्या अर्ध्या तासात आम्ही चहा आणि भजी घेण्यासाठी मागे गेलो. परतताना पुढे शिरणे अशक्य झाले, म्हणून मैदानाच्या मध्यावर मिक्सरचा, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करून त्यांचा तोल साधणाऱ्या यंत्राचा, तंबू होता त्याच्या शेजारी उभे राहिलो. दुसरा बँड सुरू झाला आणि मी चकित झालो. प्रत्येक शब्द स्वच्छ, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. अनोळखी मुलांच्या खांद्याला खांदा लावून मीही ओरडून गायलो, हे घरी सांगितलेले नाही. दहाला दहा मिनिटे कमी असताना कार्यक्रम संपला. विश्रामबागेपर्यंत आम्ही दोघेही एकमेकांशी गरजेपेक्षा मोठ्याने बोलत होतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या कानात बारीक शिट्टी वाजत होती.

भाच्याचा निकाल एका शब्दाचा आहे आणि तो शब्द येथे लिहिण्याजोगा नाही. त्या रात्री मीही त्याला मान डोलावली, पण तेव्हापासून मन खात आहे. तेच मैदान, तेच स्पीकर, तीच संध्याकाळ असताना एवढा फरक केवळ वादकांच्या कुवतीचा असतो का? की आधी वाजवणाऱ्यांचा आवाज मुद्दाम बिघडवतात, असे जे ऐकिवात आहे ते खरे आहे?

भडंगप्रेमी

मीही तेथे होतो. पहिल्या बँडचा ड्रमवादक लयीत मागे पडत होता आणि तिसऱ्या गाण्यात गायक सरळसरळ बेसूर झाला. यासाठी स्पीकरला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही.

फेडरवरचा हात

नमस्कार. मी अठरा वर्षे मिरज-सांगली भागात ध्वनिव्यवस्थेचे काम करतो. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, नाटक, कीर्तन, आणि वर्षातून दोन-तीनदा रॉकही. या कार्यक्रमाचे काम माझ्याकडे नव्हते, त्यामुळे कोणाची बाजू घेण्याचे मला कारण नाही. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपणच लिहून ठेवले आहे. दोन बँडच्या मध्ये आपण जागा बदललीत.

मोठ्या मैदानावर खर्जाचे स्पीकर, ज्यांना आम्ही सब म्हणतो, ते बहुधा मंचाच्या डाव्या-उजव्या बाजूंना जमिनीवर ठेवलेले असतात आणि बाकीचा आवाज देणारे टॉप उंचावर टांगलेले असतात. दोन्हीकडच्या सबपासून सारख्याच अंतरावर असलेल्या मधल्या रेषेवर दोन्ही बाजूंच्या लहरी एकाच वेळी येऊन मिळतात, त्यामुळे मैदानातला सर्वांत जड खर्ज त्या रेषेवर सापडतो. काही पावले बाजूला सरकले की एका बाजूची लहर उशिरा येते आणि तोच खर्ज उतरतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांनी, बोलते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे त्या एका लहरीची लांबी आठ मीटरहून जास्त झाली. ती आपल्या पोटात घुसली यात नवल नाही. गायकाचे शब्द ज्यांमुळे ओळखू येतात ती व्यंजने मात्र साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. तो पट्टा देणाऱ्या टॉपचा रोख मागच्या गर्दीवर धरलेला असतो आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून तो आवाज निघून जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी मंचाच्या काठावर छोटे स्पीकर ठेवतात, त्यांना फ्रंट फिल म्हणतात. भाडे वाचवायचे झाले की सर्वांत आधी तेच कमी केले जातात. मग पुढच्या रांगेला सबचा दणका, मंचावरच्या ड्रमचा थेट आवाज आणि गायकाचा चेहरा एवढेच मिळते. याउलट मिक्सरवर बसलेला माणूस स्वतःच्या कानाला बरे लागेपर्यंत फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकत्या कळा, हलवीत असतो, म्हणून त्याच्या शेजारची जागा म्हणजे वाढपी ओळखीचा असलेली पंगत समजावी.

उरलेले अर्धे उत्तर साउंड चेकमध्ये, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीत, आहे. रिवाज असा की मुख्य बँडची तपासणी दुपारी आधी करायची आणि आधी वाजवणाऱ्यांची नंतर, म्हणजे त्यांची मांडणी तशीच ठेवून कार्यक्रम सुरू करता येतो. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात पुण्याची गाडी दोन तास उशिरा येते, मुख्य बँडला आपला तासभर हवाच असतो, आणि फाटक उघडण्याची वेळ तर छापून गेलेली असते. मग पहिल्या बँडच्या वाट्याला फक्त लाइन चेक येते, म्हणजे प्रत्येक तारेतून आवाज येतो की नाही एवढेच पाहायचे. सगळ्यांनी मिळून एक पूर्ण गाणे वाजवून एकमेकांत तोल साधायचा, हे राहूनच जाते. मुख्य बँडची सगळी मांडणी डिजिटल मिक्सरमध्ये साठवलेली असते आणि एक कळ दाबली की परत येते. पहिल्या बँडची मांडणी मात्र लोकांच्या देखत, त्यांच्या पहिल्या दोन गाण्यांत बांधली जाते. पाचांपैकी दोन गाणी अशी गेली तर हिशेब आपणच करावा.

वेळेची कात्रीही त्यांच्याच वाट्याला येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ते दिवस सणासुदीत खर्च होतात. शेवट असा बांधलेला असल्यामुळे झालेला सगळा उशीर सुरुवातीच्या बँडमधून कापला जातो.

मुद्दाम बिघडवतात का, असे आपण विचारले आहे. पहिल्या बँडची एकूण पातळी थोडी खाली ठेवा, अशी सूचना मला दोनदा मिळालेली आहे, ते नाकारत नाही. परंतु गायक बुडवा आणि खर्ज चढवा असे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

अजिंक्यताऱ्याखालून

साताऱ्याहून लिहितो. १७ मार्च २००७ रोजी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा इंग्लंडचा नामांकित बँड ऐकायला मी रात्रीच्या बसने गेलो होतो. तेथे त्यांच्या आधी दिल्लीचा परिक्रमा हा बँड वाजला. १९९१ पासून वाजवणारी, व्हायोलिन आणि तबला यांना रॉकमध्ये सामावून घेणारी ही मंडळी मुळीच नवखी नव्हती, तरीही माझ्या भोवतालची गर्दी मेडनच्याच नावाचा गजर करीत होती आणि, खरे सांगायचे तर, मीही त्यांत होतो. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवात परिक्रमाला वाजवण्यास मिळाल्याचे वाचले, तेव्हा आपण नेमके काय ऐकायचे सोडून ओरडत होतो, असा प्रश्न पडला. आधी वाजवणाऱ्यांच्या नशिबी हे जुनेच आहे. जुलै १९६७ मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्स अमेरिकेत मंकीज या बँडच्या आधी वाजवीत असे आणि मंकीजसाठी आलेल्या शाळकरी मुली त्यांचा गायक डेव्ही याच्या नावाने किंचाळत असत. थोड्याच कार्यक्रमांनंतर हेंड्रिक्सने तो दौरा सोडला. म्हणून गर्दीच्या ओरडण्यावरून तरी काही ठरवू नये.

आपल्या कानातल्या शिट्टीबद्दल थोडे गांभीर्याने लिहितो, कारण त्याचा संबंध आपल्या प्रश्नाशीही आहे. अमेरिकेतील नायोश या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मोजमापानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी १०० डेसिबल सरासरीची मर्यादा सुचवली आहे, आणि रॉकच्या कार्यक्रमात ती ओलांडली जाणे नवलाचे नाही. (१९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये डीप पर्पल या बँडचा आवाज ११७ डेसिबल भरला आणि गिनेस बुकात त्याची विक्रम म्हणून नोंद झाली, तेव्हा ही फुशारकीची गोष्ट होती.) एवढ्या माऱ्याने कान तात्पुरता मंदावतो आणि त्याचा फटका मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कर्कशपणा जेथे जाणवतो तेथे बसतो. पहिल्या बँडने आपले कान बोथट केल्यावर आपण दुसरा बँड ऐकलात. तो आपल्याला जेवढा गोड लागला तेवढा प्रत्यक्षात होता की नाही, हेही मग विचारावे लागेल. शिट्टी थांबली हे ठीक झाले. दोन दिवसांनंतरही ती राहिली असती तर कानाच्या डॉक्टरांकडे जायला हवे होते. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे पुढच्या वेळी खिशात ठेवावेत.

टिपरूवाली

भडंगप्रेमी यांच्यासाठी. मी साताऱ्यात चार वर्षे अशाच आधी वाजवणाऱ्या बँडमध्ये ड्रम वाजवले आहेत. लय मागे पडली, हे आपले निरीक्षण बरोबर असू शकेल. ती का पडते, ते मंचावर बसून पाहावे. मोठा चौथरा मुख्य बँडसाठी राखून ठेवलेला असतो, म्हणून आमचे ड्रम काठाशी ओढले जातात आणि बेसवादक नेहमीपेक्षा दूर, कधी पाठीशी, उभा राहतो. वादकाला स्वतःचे आणि इतरांचे ऐकू यावे म्हणून मंचावर वादकांकडे तोंड केलेले स्पीकर, म्हणजे मॉनिटर, ठेवतात. साउंड चेक झाला नसेल तर त्यांत फक्त गायकाचा आवाज येत असतो, किंवा तोही येत नाही. मग कानावर पडते ते मैदानापलीकडच्या इमारतीवर आपटून परत आलेले स्वतःचेच वाजवणे. इमारत पन्नास मीटरवर असेल तर ते सुमारे ०.३ सेकंद उशिरा येते, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतरच ०.५ सेकंदाचे असते. त्या परतलेल्या आवाजाला चुकून जरी धरून राहिले तरी लय हटकून ओढली जाते. एका कार्यक्रमात मी शेवटी गिटारवादकाच्या टाचेकडे पाहून अख्खे गाणे वाजवले होते. तो ताल चुकला असता तर आम्ही सगळेच एकदम चुकलो असतो, हाच काय तो आधार.

कृष्णाकाठचा श्रोता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जागा बदलल्याचे मी स्वतः लिहिले आणि मलाच ते दिसले नाही, याचे हसू आले. फेडरवरचा हात यांचे उत्तर वाचून भाच्याला विचारले तेव्हा कळले की त्याचा एक मित्र पहिल्यापासूनच मिक्सरच्या तंबूपाशी उभा होता आणि त्याने पहिल्या बँडची तीन गाणी मोबाईलवर टिपली आहेत. ती काल रात्री हेडफोन लावून ऐकली. मोबाईल मोठा आवाज दाबून टाकतो आणि खर्ज त्याला नीट झेपत नाही, हे लक्षात घेऊनच पुढचे लिहितो.

पहिले गाणे तेथेही चिखलच आहे. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर, बहुधा मिक्सरवरच्या माणसाला वाट सापडली असावी, गायकाचा आवाज एकदम वर येतो आणि शब्द कळू लागतात. ते गाणे साखर कारखान्याबाहेर रात्रभर वजनकाट्याची वाट पाहणाऱ्या ऊसगाडीवर आहे. मी मंचापासून चार हातांवर उभा होतो आणि मला ते प्रेमगीत वाटले होते. गिटारवादक जे बिकट वाजवीत होता ते खरोखरच बिकट आहे. भाच्याने ते दोनदा ऐकले, मात्र आपला शब्द अद्याप मागे घेतलेला नाही.

तिसऱ्या गाण्यात गायक बेसूर आहे, त्याला इलाज नाही. दुसऱ्या कडव्यापासून शेवटपर्यंत तो सुराच्या किंचित खाली आहे. टिपरूवाली यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याला स्वतःचे ऐकू येत नसेलही, पण ते चित्रफितीवरून ठरवता येत नाही.

भडंगप्रेमी

तिसऱ्या गाण्यापुरते माझे म्हणणे कायम ठेवतो. ऊसगाडीचे गाणे शक्य असल्यास मलाही पाठवावे. मी त्या वेळी डाव्या बाजूच्या सबसमोर उभा होतो.